पित्ताशय काढलं तरी चालतं म्हणे... मग ते असतं कशाला?

रानमेवा
आईला गेले काही महिने लग्नकार्यात वगैरे तळलेलं-तुपातलं जेवण झालं की रात्री उजव्या बाजूला बरगडीखाली जाम दुखायचं. ओवा झाला, सोडा झाला, हिंगाचं पाणी झालं, शेवटी सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे. सर्जन म्हणाले काढून टाकू, दुर्बिणीने होतं, एकदोन दिवसात घरी. उपचाराचा सल्ला नकोय, तो त्यांच्याकडूनच घेतोय. पण माझं डोकं वेगळीकडेच अडकलंय. किडनीस्टोनसारखे नुसते खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का? पिशवीच काढली तर पचनाचं काय? आणि नसून एवढं चालतंच तर मुळात असते कशाला? तसं बघायला गेलं तर पोटातलं अजून काय काय काढलं तरी माणूस चालतो? शाळेत आकृती काढून नावं दिली होती, १० पैकी ९ पण मिळाले होते, पण आता एक अक्षर आठवत नाहीये. कोणी जरा माणसासारखं समजावेल का.

खवचट_खवय्या
मेंदू काढला तरी चालतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीत जिवंत उदाहरणं आहेत.
बाकी सिरीयस लोकं येऊ देत, चहा घेऊन बसलोय.

टाका_दोरा
सर्जन आहे, हे ऑपरेशन नेहमीचं आहे, त्यामुळे लिहितो.
सगळ्यात आधी एक गोष्ट, पित्तरस पित्ताशयात तयार होत नाही. तो लिव्हरमध्ये तयार होतो, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, चोवीस तास थेंब थेंब चालू. पित्ताशयात मावतं किती तर ३० ते ५० मिली. तिथे त्यातलं पाणी शोषून घेऊन तो दाट करून ठेवला जातो एवढंच. गच्चीवरची टाकी काढली आणि नळ थेट लाईनला जोडला तर पाणी येतंच की, फक्त एकदम जोरात येत नाही, तसं आहे हे.
आता दुखतं का ते. तुपाचं-तेलाचं जेवण जठरातून पुढे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये उतरलं की तिथल्या भिंतीतून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन रक्तात सुटतं (आम्ही सीसीके म्हणतो). ते पित्ताशयाला सांगतं आकुंचन पाव, आणि नळीच्या खालच्या तोंडाशी जो स्नायू आवळलेला असतो त्याला सांगतं सैल हो. पिशवी दाबली जातेय आणि तोंडाशी खडा अडकलाय, मग दुखणारच. म्हणून पंगतीनंतर दुखतं आणि मुगाच्या खिचडीनंतर दुखत नाही. काहींना उजव्या खांद्यात किंवा पाठीत पण कळ येते कारण पित्ताशयाच्या वर पडद्यासारखा जो श्वासाचा स्नायू असतो त्याची नस मानेतून येते, खांद्याच्या नसा पण तिथूनच निघतात, मेंदूची गल्लत होते.
नुसते खडे का काढत नाहीत? कारण खडे बनवणारी पिशवीच असते, ती ठेवली तर बऱ्याच जणांना परत होतात. आणि फोडले तर तुकडे नळीत उतरून अडकतात, ते जास्त वाईट. पिशवीत राहिलेला खडा बरा, नळीत घुसलेला नाही.

बायोचे_मास्तर
टाका_दोरा, छान लिहिलंत. थोडा इतिहास जोडतो, ज्युनियर कॉलेजला आयुष्य गेलं त्यामुळे सवय जात नाही. पहिलं पित्ताशय १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या सर्जनने काढलं, आणि त्याच्या डोक्यात हे ऑपरेशन आलं त्याचं एक कारण म्हणजे काही प्राण्यांना पित्ताशय नसतंच हे त्याला माहीत होतं. दुर्बिणीने पहिल्यांदा १९८५ ला जर्मनीतच एरिक म्यूहं यांनी केलं. आणि आपल्याकडे १९९० साली मुंबईत, जे. जे. हॉस्पिटलमध्ये, डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी. नुसतं भारतातलं नाही, विकसनशील देशांमधलं ते पहिलं धरतात. तेव्हा मोठमोठे सर्जन म्हणत होते की हे श्रीमंत देशांचं खूळ आहे, गरीब देशाला परवडायचं नाही. उदवाडियांचं म्हणणं बरोबर उलटं होतं, गरीब माणूस लवकर कामावर परत गेला पाहिजे म्हणून हे त्यालाच जास्त हवं.

मीनल_टी
व्हेटर्नरीवाली हजर :) घोड्याला पित्ताशय नसतं. हत्तीला नसतं. बहुतेक हरणांना नसतं. घोड्याचं स्पष्टीकरण असं देतात की तो दिवसभर थोडं थोडं चरत असतो त्यामुळे पित्त साठवून ठेवायची गरजच पडत नाही, सतत ठिबकत राहिलं तरी पुरतं. वाघसिंह एकदम भरपूर मांस खातात मग साठा लागतो. ऐकायला मस्त वाटतं पण गाय पण दिवसभर चरते-रवंथ करते आणि तिला चांगलं मोठं पित्ताशय आहे, त्यामुळे मला तरी ते स्पष्टीकरण पूर्ण पटत नाही.

परदेशी_पाखरू
माझं काढलंय, इकडे टोरांटोत. सुरुवातीचे काही आठवडे चीज-पिझ्झा खाल्ला की पळापळ व्हायची. डॉक्टर म्हणाली पित्त आता जेवणाची वाट न बघता सतत उतरतंय, त्यातलं थोडं मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथे पाणी ओढतं. हळूहळू बसलं सगळं. आता दिवाळीत चकल्या चापते, फक्त एका बैठकीत डबा संपवत नाही.

रानमेवा
वा, एवढं लवकर आणि एवढं छान! पण माझा दुसरा प्रश्न राहिला, अजून काय काय काढता येतं? अपेंडिक्स माहितीये. जठर तर नाही ना काढता येत? पचन तर तिथेच होतं.

बायोचे_मास्तर
रानमेवाताई, नेमकी हीच समजूत मला खोडायची होती. वर्गात दरवर्षी मुलांना विचारायचो पचन कुठे होतं, आणि सगळा वर्ग पोटावर हात ठेवून सांगायचा जठरात. जठर पूर्ण काढता येतं आणि माणूस वर्षानुवर्षं जगतो. १८८१ ला व्हिएन्नात बिलरोथने कॅन्सरसाठी जठराचा काही भाग काढला, आणि १८९७ ला झुरिकमध्ये श्लाटरने अख्खं जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली.
जठराचं मुख्य काम साठवण आणि घुसळण. तुम्ही पंधरा मिनिटात जेवून उठता, ते सगळं एकदम पुढे गेलं तर आतड्याला झेपणार नाही, म्हणून जठर ते धरून ठेवतं आणि खालच्या दाराने थोडं थोडं सोडतं, दोनचार तास. त्यात पातळ आधी जातं, भात-भाकरी नंतर, तेलकट सगळ्यात शेवटी, म्हणून पुरणपोळी-तुपावर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, पेप्सिन नावाचं विकर असतं, प्रोटीनचे मोठे तुकडे तिथे होतात, जंतू मरतात. पण पिष्टमय पदार्थांचं पचन तोंडात लाळेने सुरू होतं ते जठरातल्या ॲसिडमध्ये थांबतं. तेलातुपाचं तर तिथे जेमतेम सुरू होतं. आणि रक्तात शोषलं जायचं म्हणाल तर जठरातून जवळपास काहीच नाही, थोडी दारू आणि ॲस्पिरिनसारखी एखादी गोळी.

खवचट_खवय्या
एवढ्या मोठ्या पोस्टमधलं एकच वाक्य लक्षात राहिलं. मास्तर, मग उपाशीपोटी लवकर का चढते?

बायोचे_मास्तर
कारण बहुतेक दारू लहान आतड्यातच शोषली जाते. पोटात जेवण असलं की जठराचं खालचं दार आवळलेलं राहतं, दारू वरच अडकते आणि हळूहळू उतरते. उपाशीपोटी सरळ आतड्यात.

खवचट_खवय्या
म्हणजे चकण्याला शास्त्रीय आधार आहे. धन्यवाद, बायकोला लिंक पाठवतो.

टाका_दोरा
जठर काढलेल्या पेशंटना थोडं थोडं, दिवसातून सहासात वेळा खावं लागतं. गोड एकदम खाल्लं तर ते धाडकन आतड्यात उतरतं, घाम येतो, धडधडतं, चक्कर येते. आणि एक इंजेक्शन कायमचं मागे लागतं, बी१२ चं. जठरातून एक प्रोटीन सुटतं, इंट्रिन्सिक फॅक्टर, ते बी१२ ला धरून थेट लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी पोचवतं आणि तिथेच ते शोषलं जातं. जठर नाही तर ते प्रोटीन नाही, मग तोंडाने घेतलेलं बी१२ बहुतेक वाया. गंमत म्हणजे लिव्हरमध्ये याचा तीनचार वर्षांचा साठा असतो त्यामुळे सगळं छान चाललंय वाटतं आणि काही वर्षांनी हातापायाला मुंग्या येऊन पेशंट परत येतो.

वाडीचा_नाना
ॲसिड जर इतकं कडक आहे तर जठर स्वतःच कसं पचत नाही? आमच्याकडे म्हणतात तिखट खाऊन अल्सर होतो, तसं असतं तर अख्खं कोल्हापूर ॲडमिट असतं.

बायोचे_मास्तर
जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्यात बायकार्बोनेट, म्हणजे ॲसिड भिंतीपर्यंत पोचेस्तोवर निकामी होतं. वरून तिथल्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. हा थर फाटला की अल्सर.
तिखट आणि टेन्शन हे कारण कित्येक वर्षं डॉक्टर लोकं पण सांगायची. मग ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन म्हणाले की बहुतेक अल्सर एका जिवाणूमुळे होतात, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कोणी विश्वास ठेवेना, ॲसिडमध्ये जंतू जगतील कसे? शेवटी १९८४ ला मार्शलने त्या जंतूंचं कल्चर स्वतःच पिऊन टाकलं, काही दिवसात मळमळ-उलट्या, दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज. २००५ ला दोघांना नोबेल. दुसरं मोठं कारण म्हणजे पेनकिलर, ज्या आपण शेंगदाण्यासारख्या खातो. तिखटाने जळजळ होते कारण तिखट कळणाऱ्या नसा जिभेवर आहेत तशा पुढे पण सगळीकडे आहेत, अगदी शेवटच्या स्टेशनापर्यंत :) पण जळजळ म्हणजे जखम नाही.

सात्विक_आहार
जेवताना पाणी प्यायल्याने ॲसिड पातळ होऊन जठराग्नी मंद होतो हे कोणी लिहिलं नाही अजून. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर एक तास पाणी पिऊ नये.

टाका_दोरा
साधं गणित करून बघा. जठरातल्या रसाचा पीएच (ॲसिडचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड कडक) दीड-दोन. समजा पाणी पिऊन तो रस दुप्पट झाला, म्हणजे ॲसिड निम्मं पातळ, तर पीएच बदलतो ०.३ ने. दोनाचा २.३. पेप्सिनला काही फरक पडत नाही. शिवाय पाणी जठरात थांबत नाही, भराभर पुढे जातं, आणि गरज असेल तर जठर आणखी ॲसिड सोडतं. ज्याला छातीशी आंबट येतं त्याने एकदम तांब्याभर पिऊ नये हे ठीक, कारण पोट ताणलं की वरची झडप सैल पडते. बाकीच्यांनी तहान लागली तर प्यावं.

सात्विक_आहार
मॉडर्न सायन्सला सगळं कळलंय असं नाही. असो.

मीनल_टी
अवांतर: जठरात काय चालतं हे पहिल्यांदा डोळ्यांनी कसं बघितलं त्याची गोष्ट भन्नाट आहे, कोणीतरी लिहा. मास्तर??

बायोचे_मास्तर
बॉमाँट! १८२२, अमेरिकेत ह्यूरॉन तळ्यातलं मॅकिनॉ बेट, केसाळ कातड्यांचा व्यापार चालायचा तिथे. ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण हमालाला जवळून बंदुकीची गोळी लागली, बरगड्या फुटून जठराला भोक. लष्करी डॉक्टर विल्यम बॉमाँटला वाटलं हा काही वाचत नाही, पण तो वाचला, फक्त भोक बुजलं नाही. जठराची कड कातडीला चिकटून कायमची खिडकी तयार झाली. मग बॉमाँटने रेशमाच्या दोऱ्याला मांसाचे, ब्रेडचे, कोबीचे तुकडे बांधून आत सोडायचे आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचे. रस बाहेर काढून बाटलीत मांस घालून कोमट ठेवलं तर तिथेही विरघळतं हे दिसलं, म्हणजे पचन नुसतं दळण नाही, रसायन आहे. राग आला की जठराचा रंग बदलतो, पचन मंदावतं हेही त्याने टिपलं. १८३३ ला पुस्तक छापलं. सेंट मार्टिन मात्र वैतागून अधूनमधून कॅनडात पळून जायचा आणि ते साहजिकच आहे, गरीब अशिक्षित माणूस, त्याच्याकडून करारावर निशाणी घेतली होती आणि वर घरकामही करून घेत होते. तो १८८० पर्यंत जगला, डॉक्टर त्याच्या कितीतरी आधी गेला. मेल्यावर घरच्यांनी म्हणे प्रेत मुद्दाम कुजू दिलं आणि खोल पुरलं, कोणी जठर कापून नेऊ नये म्हणून.

रानमेवा
बापरे. अंगावर काटा आला. बरं मग जठर पण काढता येतं, पित्ताशय पण, अपेंडिक्स पण, मग काय काढता येत नाही?

टाका_दोरा
लहान आतडं. आणि लिव्हर. बाकी सगळ्याला काही ना काही पर्याय आहे. मोठं आतडं काढून पोटावर पिशवी लावून लोकं नोकरी करतात, ट्रेकला जातात. स्वादुपिंड पूर्ण काढलं तर इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाबरोबर विकरांच्या कॅप्सूल, कठीण आयुष्य पण जगता येतं. लिव्हरचा अर्ध्याहून जास्त तुकडा दान केला तरी दोनतीन महिन्यात बराचसा परत वाढतो, पण पूर्ण काढलं तर दुसरं बसवावंच लागतं.
खरं पचन लहान आतड्यात. मेल्यावर मोजलं तर सहाएक मीटर भरतं, जिवंतपणी स्नायू आवळलेले असल्याने बरंच कमी. त्याच्या सुरुवातीला पित्तरस येतो आणि स्वादुपिंडाचा रस येतो, रोज दीड लिटरच्या आसपास, तो अल्कधर्मी असतो म्हणून जठरातून आलेलं ॲसिड तिथेच मारलं जातं. पित्त तेलाचे बारीक बारीक थेंब करतं (पित्त स्वतः काही पचवत नाही हे लक्षात घ्या, साबणासारखं नुसतं फोडतं), मग स्वादुपिंडातलं लायपेज ते तोडतं. प्रोटीन तोडणारं ट्रिप्सिन तर स्वादुपिंडात निकामी अवस्थेत बनतं आणि आतड्यात पोचल्यावरच चालू होतं. ते चुकून आतच चालू झालं तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. नळीत सरकलेला पित्ताचा खडा हे याचं एक नेहमीचं कारण, मी वर म्हणालो ना नळीतला खडा वाईट, तो यासाठी.

बायोचे_मास्तर
आणि शोषण. आतड्याच्या आतल्या घड्या, घड्यांवर मखमलीसारखे बारीक उंचवटे म्हणजे विलाय, विलायांच्या पेशींवर आणखी बारीक केस. पुस्तकात वर्षानुवर्षं छापलं जातं की हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल, मीही मुलांना तेच शिकवलं. २०१४ ला स्वीडनच्या संशोधकांनी परत मोजलं तर पूर्ण पचनमार्ग मिळून साधारण ३० चौरस मीटर निघालं, म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. तरी टू बीएचके फ्लॅटचा निम्मा कार्पेट एरिया पोटात आहे म्हणा.

टाका_दोरा
ते आतडं दोन मीटरपेक्षा कमी उरलं की पेशंट कितीही जेवला तरी वाळत जाऊ शकतो. फारच कमी उरलं तर शिरेतून अन्न द्यावं लागतं, रात्री तासन्तास. तेही १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर करून दाखवलं तेव्हापासून शक्य झालं, त्याआधी असा पेशंट गेलाच. म्हणून आतड्याला पीळ पडला की आम्ही मध्यरात्री धावत येतो आणि सेंटीमीटर सेंटीमीटर वाचवत बसतो.

परदेशी_पाखरू
मग मोठं आतडं बिनकामाचं म्हणायचं का? माझ्या मावसभावाचं काढलंय कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याची सूज), तो उन्हाळ्यात सारखा मीठ-साखर-पाणी पीत असतो.

बायोचे_मास्तर
बिनकामाचं नाही, त्याचंच काम तो हाताने करतोय! हिशोब बघा. आपण पितो-खातो त्यातून दोन लिटर पाणी. लाळ सव्वा लिटर, जठराचा रस दोन, पित्त, स्वादुपिंड, आतड्याचे रस धरून रोज आठनऊ लिटर पाणी आतड्यातून वाहतं. बाहेर पडतं किती? १००-२०० मिली. सातएक लिटर लहान आतडं परत घेतं, उरलेलं दीडेक लिटर मोठं आतडं.
आणि मीठ-साखरेतली साखर चवीला नसते बरं का. लहान आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतं आणि मग त्यांच्यामागे पाणी जातं. कॉलऱ्यात आतडं बादलीने पाणी फेकत असतं तरी हे दार शाबूत राहतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली, नातेवाईकांच्या हातात पेले देऊन. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ ला पद्मविभूषण मिळालं, पण तेव्हा ते हयात नव्हते. घरी करायचं तर लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा. मीठ अंदाजाने जास्त ढकलू नका, लहान मुलांना तर अजिबात नको.

वाडीचा_नाना
हे लई भारी. आता वाटाणा-पावट्याच्या गॅसचं पण सांगून टाका, घरात चर्चा करता येत नाही.

मीनल_टी
ते मी सांगते. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या तोडणारं विकरच आपल्याकडे नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू पार्टी करतात. भिजवून पाणी फेकलं, मोड आणले की त्या बऱ्याच कमी होतात, म्हणून मोडाच्या मटकीपेक्षा नुसता शिजवलेला पावटा जास्त वाजतो. पण तेच जिवाणू चोथ्यापासून जी आम्लं बनवतात त्यावर मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात, तेव्हा गॅस होतो म्हणून कडधान्य बंद करू नका, हळूहळू वाढवा.

खवचट_खवय्या
शेवटचा प्रश्न आणि हा खरंच सिरीयस आहे. सकाळी चहाचा पहिला घोट पोटात गेला की पाचव्या मिनिटाला जावंच लागतं. चहा इतक्या लवकर खाली पोचतो का?

टाका_दोरा
नाही हो, चहा जठरातच असतो. जठर ताणलं गेलं की नसा आणि हार्मोन्सच्या मार्फत मोठ्या आतड्याला निरोप जातो आणि ते आतलं सगळं पुढे ढकलतं. सकाळी हे सगळ्यात जोरात असतं. बाहेर पडतं ते काल-परवाचं जेवण, चहाचा त्यात संबंध नाही, नुसतं कोमट पाणी प्यायलात तरी बऱ्याच जणांना होतं. लहान बाळं दूध पिता पिता शी करतात ती यामुळेच, दूध पचत नाही म्हणून नव्हे, नव्या आया उगाच घाबरतात.

खवचट_खवय्या
म्हणजे बायको म्हणते तसा चहा बंद करून काही फरक पडणार नाही. ही पण लिंक पाठवतो.